पोपची निवड: दार बंद होण्याआधीचं राजकारण

गिरणगावकर (धागाकर्ता)

मे २०२५ मध्ये कार्डिनल रॉबर्ट प्रीव्होस्ट यांचे पोप लिओ चौदावे झाले. त्या दोन दिवसांत आपल्याकडे जे छापून आलं त्यातलं निम्मं निकाल कळवणाऱ्या धुराबद्दल होतं, उरलेलं सट्टेबाजारात कुणाचा भाव किती याबद्दल. मतदान जिथे होतं त्या सिस्टाइन चॅपेलचं दार लागल्यावर आत काय शिजलं असेल याचीच सगळ्यांना उत्सुकता. मला उलट वाटतं. आत फारसं काही शिजत नाही, फक्त वाढलं जातं. म्हणून हा धागा.

२१ एप्रिल २०२५ ला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस गेले. त्या दिवशी ऐंशीच्या आतले, म्हणजे मताचा हक्क असलेले कार्डिनल (पोप निवडणारे चर्चचे वरिष्ठ पदाधिकारी) होते १३५. दोघे प्रकृतीमुळे आले नाहीत, उरले १३३. दोन तृतीयांश म्हणजे ८९ मतं हवीत. ७ मे ला दार लागलं, ८ मे ला चौथ्या फेरीत निकाल. आणि या १३३ पैकी १०८ जणांना लाल टोपी, म्हणजे कार्डिनलपद, दिली होती ती खुद्द फ्रान्सिस यांनीच.

म्हणजे बारा वर्षं मतदारयादी एकच माणूस लिहीत होता, आणि ती त्यांनी शिरस्ता मोडून लिहिली. मिलानचा आर्चबिशप म्हटलं की कार्डिनल व्हायचाच, व्हेनिसचंही तेच. फ्रान्सिस यांनी या दोघांना टोपी दिलीच नाही. मंगोलियात जेमतेम दीड हजार कॅथलिक, तिथल्या मिशनऱ्याला दिली. टोंगा बेटांवर दिली. अमेरिकेत लॉस एंजेलिसचा आर्चबिशप ताटकळला आणि शेजारच्या सॅन डिएगोचा साधा बिशप कार्डिनल झाला. २०१३ साली ११५ मतदारांत २८ इटालियन होते. या वेळी १३३ मध्ये वीसही नव्हते.

सहकारी साखर कारखान्याचं राजकारण ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. निवडणूक जिंकायची तर मतदानाच्या दिवशी नव्हे, चार वर्षं आधी सभासद नोंदवून घेताना जिंकायची.

पण इथेच मला अडायला होतं. २००५ मध्ये ११५ पैकी दोघे सोडून सगळे जॉन पॉल दुसरे यांनी नेमलेले होते. त्यांनी रात्झिंगर (म्हणजे पोप बेनेडिक्ट) निवडले, म्हणजे चालू धोरणच पुढे. ठीक. २०१३ मध्ये ११५ पैकी ६७ बेनेडिक्ट यांचे आणि ४८ जॉन पॉल यांचे. दोघेही परंपरेच्या बाजूचे पोप. आणि या मतदारांनी निवडलं कुणाला, तर बर्गोग्लिओंना, म्हणजे फ्रान्सिस यांना! यादी लिहिणाऱ्याच्या हातात नेमकं काय असतं मग?

माझा अंदाज असा की पोपला उत्तराधिकारी ठरवता येत नाही, पण कोण *नाही* होणार हे बऱ्यापैकी ठरवता येतं. चर्चा व्हावी.

---

ठाणेकर_अण्णा

खुर्ची टाकून बसलोय. एक भाबडा प्रश्न. उमेदवारी अर्ज नाही, जाहीरनामा नाही, "मला मत द्या" म्हटलं तर तोंड काळं. मग ८९ मतं एका माणसावर येतात कशी? तीही दीड दिवसात?

---

गिरणगावकर

अण्णा, भाबडा नाही, हाच तर कळीचा मुद्दा.

पोप गेल्यापासून कॉन्क्लेव्ह (बंद दारामागची निवडणूक) सुरू होईपर्यंत कार्डिनलांच्या सर्वसाधारण बैठका चालतात. या वेळी अशा बारा झाल्या. तिथे ऐंशीच्या वरचेही बसतात, बोलतात. त्यांना फक्त मत नसतं. विषय वरवर साधे असतात: चर्चपुढची आव्हानं, व्हॅटिकनची तिजोरी, वगैरे. कुणी कुणाचं नाव घेत नाही. पण कोण काय बोलतो, किती नेमकं बोलतो, याची प्रत्येक जण मनात नोंद करत असतो. २०१३ ला बर्गोग्लिओ तिथे जेमतेम चार मिनिटं बोलले. चर्चने स्वतःतच गुरफटून न राहता परिघावर जावं, एवढाच मुद्दा. क्युबाच्या कार्डिनलनी त्या भाषणाचं टिपण मागून घेतलं आणि नंतर ते प्रसिद्धही झालं. त्या चार मिनिटांनी बरंच काम केलं असं मानतात.

उरलेलं काम जेवणाच्या टेबलावर. व्हॅटिकनला लागून बोर्गो पियो नावाची गल्ली आहे, खानावळींची. त्या दिवसांत तिथे कोण कुणाबरोबर जेवतोय यावर पत्रकार डोळा ठेवून असतात.

या वेळची अडचण अशी की फ्रान्सिस यांनी माणसं जगाच्या कानाकोपऱ्यातून आणली आणि ती एकमेकांना ओळखतच नव्हती. सत्तर देश. गळ्यात नावाच्या पट्ट्या लावाव्या लागल्या. इटालियन सगळ्यांना येत नाही, दुभाषे लागले. अशा घोळक्यात फायदा कुणाचा? ज्याला आधीपासून सगळे ओळखतात त्याचा. असे फार थोडे. एक पारोलिन, व्हॅटिकनचे राज्यसचिव (पोपच्या खालोखाल कारभार बघणारे) म्हणून. दुसरे प्रीव्होस्ट, कारण २०२३ पासून जगभरच्या बिशपांच्या नेमणुकांचं खातं त्यांच्याकडे होतं.

---

काडीवाला

म्हणजे एचआर हेडच सीईओ झाला म्हणा की. 😀

आणि अध्यात्माच्या गप्पा कशाला मारता? सरळ सांगा, वॉशिंग्टनहून फोन आला असणार. ट्रम्पने स्वतःचा पोपच्या वेषातला फोटो टाकला तेव्हाच कळलं होतं.

---

न्यूजर्सीचा_नाना

काडीवाला, तुमचं नाव सार्थ आहे. पण इथे राहून सांगतो, गणित बरोबर उलटं आहे.

अमेरिकन पोप होणार नाही हे आजवर जवळपास गृहीतच होतं. कारण साधं: जगातली सगळ्यात मोठी सत्ता आधीच वॉशिंग्टनमध्ये, तिच्याच हाती व्हॅटिकन कोण देईल? पूर्वी फ्रेंच राजाच्या जोरावर फ्रेंच पोप व्हायचे आणि नंतर काय झालं ते लोक विसरलेले नाहीत (त्यावर इतिहासवेडी ताई लिहितीलच). मतदारांत अमेरिकन कार्डिनल होते दहा. त्यांच्यातही एकमत नव्हतं: एकीकडे परंपरेच्या बाजूचे, तेव्हाचे न्यूयॉर्कचे डोलन, दुसरीकडे सुधारणावादी, शिकागोचे क्युपिच.

प्रीव्होस्ट चालले ते पुरते अमेरिकन वाटत नव्हते म्हणून. जन्म शिकागोचा, १९५५ चा, पण आयुष्याची उमेद गेली पेरूमध्ये. चिक्लायोचे बिशप होते, २०१५ ला पेरूचं नागरिकत्व घेतलं. बाल्कनीत आले तेव्हा इटालियन बोलले, मध्येच स्पॅनिशमध्ये चिक्लायोच्या लोकांना नमस्कार केला, इंग्रजीत एक शब्द नाही. इथल्या टीव्हीवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. दक्षिण अमेरिकेच्या मतदारांनी त्यांना आपला मानलं, उत्तरेच्यांनी आपला, आणि रोमच्या कचेरीतल्यांनी ओळखीचा. एकाच नावावर तीन गट भांडण न करता येऊ शकतात असा दुसरा माणूस त्या खोलीत होता का, मला शंका आहे.

आणि ट्रम्पचं म्हणाल तर २०२५ च्या फेब्रुवारीत फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना स्थलांतरितांच्या हद्दपारीविरुद्ध पत्र लिहिलं होतं. त्याच सुमारास प्रीव्होस्ट यांच्या ट्विटर खात्यावरून उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या विधानावर टीका करणारा लेख पुढे पाठवला गेला होता. वॉशिंग्टनचा उमेदवार असा असतो?

---

इतिहासवेडी

नानांनी हाक मारलीच आहे तर.

कुलूपबंद निवडणुकीचा उगम इटलीतल्या व्हितेर्बो या गावात. १२६८ मध्ये चौथे क्लेमेंट वारले आणि कार्डिनलांचं जवळजवळ तीन वर्षं एकमत होईना. फ्रेंच बाजूचे आणि विरोधातले, कुणाकडेच दोन तृतीयांश नाहीत. गावकरी वैतागले. कार्डिनलांना कोंडलं, खाणं तोडलं, आणि शेवटी इमारतीचं छप्पर उतरवलं असं सांगतात. काही कार्डिनल त्या काळात दगावलेही. अखेर १२७१ ला ज्याला निवडलं तो कार्डिनल नव्हता आणि इटलीतही नव्हता, पूर्वेकडे आक्करला होता. हे दहावे ग्रेगरी. त्यांनी गावकऱ्यांचा उपाय थेट कायद्यात घातला. १२७४ चा नियम असा: तीन दिवसांत निकाल नाही तर दोन्ही जेवणांत एकेकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले तर फक्त पाव, पाणी आणि वाइन. पुढच्या पोपांनी हा नियम कधी स्थगित केला, कधी पुन्हा आणला. कार्डिनलांना तो आवडणं शक्यच नव्हतं.

फ्रेंच पोपांबद्दल: चौदाव्या शतकात सुमारे सत्तर वर्षं पोप रोम सोडून आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंला राहिले, सगळे फ्रेंच. १३७८ मध्ये रोममध्ये निवडणूक लागली तेव्हा बाहेर जमाव ओरडत होता, रोमन द्या, निदान इटालियन तरी द्या! घाबरलेल्या कार्डिनलांनी बारीचा आर्चबिशप निवडला, सहावे अर्बन. कार्डिनल नसताना निवडून आलेला हा आजवरचा शेवटचा माणूस. त्याचा स्वभाव असा निघाला की काही महिन्यांत त्याच कार्डिनलांनी "आम्ही दबावाखाली मत दिलं" म्हणून दुसरा पोप निवडला. तो आव्हिन्योंला जाऊन बसला. १४०९ मध्ये भांडण मिटवायला परिषद भरली, तिने तिसरा निवडला! तीन पोप एकाच वेळी. १४१७ ला कुठे ते निस्तरलं.

धागाकर्त्यांचा "कोण नाही होणार" हा मुद्दा मला पटतो. कारण शेकडो वर्षं हा नकाराधिकार उघडपणे राजांकडे होता. स्पेन, फ्रान्स आणि ऑस्ट्रिया, तिघेही आपापल्या विश्वासातल्या कार्डिनलच्या खिशात एक नाव देऊन पाठवायचे: हा नको. शेवटचा वापर १९०३ चा. रांपोल्ला आघाडीवर होते, तेराव्या लिओंचे राज्यसचिव, फ्रान्सकडे झुकलेले. क्राकूव्हचे कार्डिनल पुझिना उठले आणि त्यांनी सम्राट फ्रान्झ जोसेफचा नकार वाचून दाखवला. (क्राकूव्ह तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात.) चिडचिड खूप झाली, निषेध झाला, पण निवडून आले ते सार्तो, म्हणजे दहावे पायस. आणि त्यांनी पुढच्याच वर्षी नियम केला की यापुढे कुणी असा निरोप आणला तर तो धर्मबहिष्कृत. ज्या नकाराच्या जोरावर खुर्ची मिळाली तो नकारच त्यांनी मोडून टाकला. मला हा माणूस त्यामुळे आवडतो.

तेव्हा हे दार, ही शपथ, मोबाइल जॅमर, हे सगळं भक्तिभावापोटी आलेलं नाही. राजे, जमाव आणि पैसा यांना बाहेर ठेवायला आलंय.

---

ठाणेकर_अण्णा

ताई, लाजवाब प्रतिसाद. पैशाचं काय पण? पैसे देऊन मत विकत घेतलं तर निवडणूक रद्द होते का?

---

गिरणगावकर

नाही! आणि हा मला सगळ्यात चलाख नियम वाटतो. १९९६ चा जॉन पॉल यांचा कायदा सांगतो की पदाचा सौदा करणारे सगळे आपोआप बहिष्कृत, पण निवड मात्र वैध. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या ज्युलियसनी उलटा नियम केला होता, सौदा झाला तर निवड रद्द. त्यात धोका असा की हरलेला गट कधीही उठून "पैसे वाटले" म्हणणार आणि पुन्हा दोन पोप. १३७८ चा चटका बसलेला असल्यामुळे चर्चला पापी पोप परवडतो, वादग्रस्त पोप परवडत नाही.

दुसरा असाच नियम दोन तृतीयांशचा. तो ११७९ पासूनचा. १९९६ च्या कायद्यात एक पळवाट आली होती: तीसेक फेऱ्यांत निकाल लागला नाही तर मतदार ठरवतील तर साध्या बहुमतावर निवड. दिसायला व्यवहारी. पण विचार करा, ज्या गटाकडे निम्म्याहून एक मत जास्त आहे त्याने तडजोड का करावी? दहा-बारा दिवस गप्प बसायचं, की झालं. बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये हे बंद केलं. आता तेवढ्या फेऱ्यांनंतर पहिल्या दोघांतच लढत, त्या दोघांना स्वतःला मत नाही, आणि तरीही दोन तृतीयांश लागतातच.

याचा परिणाम थेट दिसतो. १३३ पैकी ४५ मतं हातात असली की पोप करता येत नाही, पण कुणालाही रोखता येतं. २००५ ला नेमकं हेच करून बघितलं गेलं. फ्रान्सिस यांनी स्वतःच पुढे एका मुलाखतीत सांगितलं की तेव्हा आपल्याला ११५ पैकी चाळीसच्या आसपास मतं पडली होती, ती रात्झिंगरना अडवून नंतर तिसरंच नाव पुढे करण्यासाठी, आणि हे लक्षात आल्यावर आपण अंग काढून घेतलं.

---

वसईवाला

सगळं वाचतोय. माहिती चांगली आहे, सूर थोडा खटकतो म्हणून लिहितो.

आमच्या धर्मग्रामात त्या आठवड्यात रोज मिस्सेनंतर कार्डिनलांसाठी प्रार्थना होत होती. पवित्र आत्म्याने त्यांना मार्ग दाखवावा म्हणून. आता तुम्ही म्हणाल, मार्ग बोर्गो पियोतल्या खानावळीतून जातो. असू दे. राजकारण नाही असं आमच्यातला कोणताही शहाणा माणूस म्हणत नाही. रात्झिंगर कार्डिनल असतानाच टीव्हीवर बोलले होते की पवित्र आत्मा पोप निवडतो असं शब्दशः धरू नये, कारण त्याने मुळीच निवडले नसते असे कितीतरी पोप होऊन गेलेत. आमचा विश्वास एवढाच की माणसं कितीही चुकली तरी चर्च पुरतं बुडणार नाही.

आणि "गट गट" फार करू नका. आफ्रिकेचंच घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याबद्दलचं पत्रक रोमहून आलं तेव्हा आफ्रिकेच्या बिशपांनी मिळून "आमच्याकडे हे होणार नाही" कळवलं. काँगोतल्या किन्शासाचे आर्चबिशप आंबोंगो स्वतः रोमला जाऊन बोलले. तेच आंबोंगो फ्रान्सिस यांनी केलेले कार्डिनल, त्यांच्या सल्लागार मंडळावरही. गरिबी, कर्ज, खाणींची लूट यांवर ते फ्रान्सिस यांच्या पुढे दोन पावलं. हा माणूस कोणत्या गटात टाकणार? डावा-उजवा हे चष्मे इथे धड बसत नाहीत.

---

गिरणगावकर

वसईवाले, हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि मूळ कोड्याचं उत्तर मला यातच दिसतं. यादी लिहिणारा माणसं निवडतो ती एकदोन गुण बघून. फ्रान्सिस यांनी निवडली ती परिघावरची, गरिबांत काम करणारी. पण परिघावरचा माणूस लग्न, कुटुंब, लैंगिकता या विषयांत बऱ्याचदा रोमपेक्षा जुन्या वळणाचा असतो. टोपी देताना तेही पदरात घ्यावं लागतं.

---

मडगांवची_मालू

आमच्या गोंयचं कोणीच काही लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते.

या वेळी भारताची चार मतं होती. आमचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव, हैदराबादचे अँथनी पूला (भारतातले पहिले दलित कार्डिनल), तिरुवनंतपुरमचे क्लीमिस आणि केरळचेच जॉर्ज कूवकाड, जे रोममध्ये पोपच्या परदेश दौऱ्यांची व्यवस्था बघायचे. कूवकाड सगळ्यात कनिष्ठ कार्डिनल-डीकन (कार्डिनलांच्या तीन श्रेणींतली सगळ्यात खालची), म्हणून मतं मोजणाऱ्यांची नावं चिठ्ठ्या टाकून काढायचं काम त्यांच्याकडे. मत टोचून दोऱ्यात ओवतात, मोजतात, मग जाळतात, ते सगळं ज्या तिघांनी करायचं ते चिठ्ठीवर ठरतं.

गोव्याच्या गादीला पूर्वेचा पॅट्रिआर्क अशी जुनी पदवी, पण मतदार कार्डिनल मिळायला २०२२ उजाडावं लागलं. मुंबईला १९५३ पासून! यावर आम्ही गोंयकार काय बोलतो ते इथे लिहीत नाही.

अवांतर: नवे पोप ऑगस्टिनियन या संन्यासी संघाचे, त्या संघाचे जागतिक प्रमुखही होते. जुन्या गोव्यात जो एकटा उंच पडका मनोरा उभा आहे तो याच संघाच्या चर्चचा. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले आणि इमारत ढासळत गेली. पर्यटक फोटो काढून जातात, कुणाचा आहे ते विचारत नाहीत.

---

चौकस_चंपा

एक विचारू? अख्ख्या धाग्यात एकही बाई नाही. जगात १४० कोटी कॅथलिक, त्यातल्या निम्म्या बायका, आणि मतदार १३३ पुरुष. २०२५ मध्ये फ्रान्सिस यांनी व्हॅटिकन नगरराज्याच्या कारभारावर सिस्टर पेत्रिनींना बसवलं, सिस्टर ब्राम्बिल्लांना एका खात्याचं प्रमुख केलं. मग मत का नाही?

---

वसईवाला

चंपाताई, प्रश्न रास्त आहे. मत कार्डिनलना, आणि १९१७ च्या धर्मकायद्यापासून कार्डिनल व्हायला किमान धर्मगुरू असावं लागतं. धर्मगुरुपद बायकांना नाही, म्हणून तिथेच वाट बंद. त्याआधी धर्मगुरू नसलेले कार्डिनल होऊन गेलेत, म्हणजे हा नियम काही आकाशातून पडलेला नाही. एखादा पोप बदलू शकतो. बदलेल का, ते माझ्या हयातीत तरी दिसत नाही. आमच्या घरात या विषयावर जेवणं थांबतात.

---

काडीवाला

ते सेंट गालन माफियाचं कुणी बोलणार आहे का? की सोयीस्कर विसरलात?

---

इतिहासवेडी

बोलू की. १९९६ पासून दहाएक वर्षं स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालनला काही सुधारणावादी कार्डिनल आणि बिशप दरवर्षी भेटत. मिलानचे मार्तिनी, बेल्जियमचे डानील्स, जर्मनीचे कास्पर वगैरे. "माफिया" हा शब्द खुद्द डानील्स यांनी गमतीत वापरला आणि तो त्यांच्याच गळ्यात पडला. गट होता, रात्झिंगर नकोत हेही त्यांना वाटत होतं. आणि २००५ ला रात्झिंगरच निवडून आले. एवढा मोठा माफिया आणि चौथ्या फेरीत हरतो? २०१३ पर्यंत त्यांच्या बैठका बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि मार्तिनी वारले होते.

डाव खेळले जात नाहीत असं नाही. पण खरा डाव बघायचा असेल तर सहाव्या पॉलचा बघा. नोव्हेंबर १९७० मध्ये त्यांनी नियम केला: ऐंशी पूर्ण केलेल्या कार्डिनलला मत नाही. म्हातारपणाची काळजी म्हणून. पण त्या एका सहीने चर्चमध्ये सुधारणा आणणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला विरोध करणारे ओत्ताव्हियानींसारखे जुने दिग्गज यादीबाहेर गेले. ओत्ताव्हियानी आणि फ्रेंच कार्डिनल तिसरां यांनी जाहीर संताप व्यक्त केला. उपयोग शून्य.

---

ठाणेकर_अण्णा

हाच नियम ना, ज्याने आपल्या मुंबईच्या ग्रेशियसना घरी बसवलं?

---

गिरणगावकर

घरी नाही, सर्वसाधारण बैठकांना बसायचा हक्क होता. पण मत गेलं. ओस्वाल्ड ग्रेशियस २४ डिसेंबर २०२४ ला ऐंशीचे झाले. २०१३ ला त्यांनी मत दिलं होतं, फ्रान्सिस यांच्या सल्लागार मंडळात पहिल्यापासून होते. चार महिन्यांनी हुकलं. त्याहून चुटपुट लावणारं केरळच्या आलंचेरींचं. त्यांचा ऐंशीवा वाढदिवस १९ एप्रिल २०२५. पोप गेले २१ ला. दोन दिवस!

नियम लवचीक नाही असं मात्र समजू नका. मतदार १२० च्या वर नकोत हेही सहाव्या पॉलचंच, १९७५ चं. या वेळी १३३ होते. कुणी हरकत घेऊ नये म्हणून ३० एप्रिलला कार्डिनलांनी पत्रक काढलं: फ्रान्सिस यांनी जास्त नेमले म्हणजेच त्यांनी ती अट शिथिल केली, सर्वांना मताचा हक्क आहे. आणि त्याच आठवड्यात कार्डिनल बेच्चूंचं प्रकरण. लंडनच्या मालमत्तेच्या व्यवहारातून खटला, २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या न्यायालयाने शिक्षा सुनावलेली, अपील तेव्हा चालू, स्वतःला निर्दोष म्हणवतात. २०२० मध्येच फ्रान्सिस यांनी त्यांचे कार्डिनलचे हक्क काढून घेतले होते, पण "लेखी कुठे आहे?" म्हणून ते मतासाठी अडून बसले. मग पारोलिन यांनी दोन टंकलिखित पत्रं दाखवल्याची बातमी आली, खाली फक्त "एफ" अशी सही. २९ एप्रिलला बेच्चूंनी माघार घेतली. एका अक्षराने एक मत कमी.

---

न्यूजर्सीचा_नाना

पारोलिन मागे का पडले यावर कुणी लिहा. इथे सगळ्यांनी त्यांनाच पुढे धरलं होतं. म्हणतात ना, पोप म्हणून आत शिरतो तो कार्डिनल म्हणून बाहेर पडतो.

---

गिरणगावकर

खात्रीने सांगणारा एकही माणूस नाही, सगळे शपथेने बांधलेले. फेरीनिहाय आकडे फिरतायत त्यांवर मी तरी पैज लावणार नाही. पण अडचणी उघड होत्या. आयुष्य राजनैतिक सेवेत गेलं, धर्मप्रांत कधी चालवला नाही. आणि चीन. २०१८ चा बिशप-नेमणुकीचा करार त्यांच्या नावावर, त्याचा मजकूर अजून गुप्त. हाँगकाँगचे म्हातारे कार्डिनल झेन त्यावर वर्षानुवर्षं तुटून पडताहेत. त्यात पोपची जागा रिकामी असतानाच, एप्रिलअखेरीस, चीनमध्ये दोन बिशपांची "निवड" उरकल्याची बातमी. रोममध्ये शिक्कामोर्तब करायला पोपच नाही! ती बातमी वाचून ज्यांची मतं डळमळीत होती त्यांनी काय केलं असेल?

शिवाय इटालियन इटालियनला मत देतो हा गैरसमज. २०१३ ला मिलानच्या स्कोलांचं नाव एवढं पक्कं धरलं होतं की इटालियन बिशप परिषदेने त्यांच्या अभिनंदनाचा संदेश पाठवूनसुद्धा टाकला. बाल्कनीत बर्गोग्लिओ उभे. स्कोलांना अडवण्यात इटालियनच पुढे होते असं तेव्हापासून बोललं जातं.

---

इतिहासवेडी

मुंबईचा विषय निघालाय तर एक भर. नेमणुकीचं राजकारण आपल्या दारातही होतं. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर जुने हक्क, आणि रोमने थेट नेमलेली माणसं वेगळी. मुंबईत कित्येक वर्षं दोन्ही अधिकार शेजारी-शेजारी चालले, चर्चच्या ताब्यावरून कोर्टकज्जे झाले. १९२८ च्या करारात तोडगा निघाला: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने, एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. आधी लिमा आले, मग १९३७ ला लिव्हरपूलकडचे रॉबर्ट्स. या रॉबर्ट्सना हे मनापासून पटेना. त्यांनी १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाल्यावर सगळी सूत्रं त्यांच्याकडे दिली आणि स्वतः मुंबई सोडली. १९५० मध्ये रीतसर राजीनामा, ग्रेशियस आर्चबिशप, आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. १९५८ आणि १९६३ च्या कॉन्क्लेव्हमध्ये ते होते.

---

मडगांवची_मालू

आणि मूळचे ते गोंयकारच. नोंद घ्यावी. 😌

---

ठाणेकर_अण्णा

नोंद घेतली मालूताई. आता शेवटचा प्रश्न, मग झोपतो. पुढच्या वेळी आपलं कोण असेल?

---

गिरणगावकर

लिओ निवडून आले तेव्हा ६९ चे. समजा ८५ पर्यंत राहिले, म्हणजे २०४० साल. फेर्राव २०३३ मध्येच ऐंशी पूर्ण करतील, क्लीमिस २०३९ मध्ये. दोघे बाहेर. पूला २०४१ पर्यंत आहेत, म्हणजे काठावर. कूवकाड १९७३ चे, ते २०५३ पर्यंत मत देऊ शकतात. बाकी जे काही असतील ते लिओ ठरवतील, आणि १३३ चा आकडा वाढवायचा की १२० वर आणायचा हेही.

---

वसईवाला

मुंबईचं विसरलात. व्हॅलेरियन ग्रेशियस, पिमेंटा, आयव्हन डायस, ओस्वाल्ड ग्रेशियस, सलग चार आर्चबिशप कार्डिनल झाले. जानेवारी २०२५ पासून जॉन रॉड्रिग्ज आहेत, त्यांना अजून टोपी नाही. आमच्या वसईत पैजा लागल्यात. मी "मिळेल" वर आहे, माझा मेव्हणा "मिलानसारखं टाळतील" वर.